नकाशातली टेकडी

दिवाळीच्या अंकात, फराळाच्या ताटाशेजारी बसून वाचायला हा विषय जरा कोरडा वाटेल, हे आधीच कबूल करून टाकतो. नकाशात रंग कसे भरावेत हा भूगोलाच्या मास्तरांचा प्रश्न. तो त्यांनी आपसांत सोडवावा, आम्हांला त्याचे काय, असे कोणी म्हटले तर मी त्याला दोष देणार नाही. दोन पावसाळ्यांपूर्वीपर्यंत मीही तसेच म्हणत असे. परंतु ह्या रंगांच्या नादात माझ्या हातून एका बाईवर अन्याय झाला, आणि तेव्हापासून हा प्रश्न भूगोलाच्या पुस्तकातून उठून माझ्या मनात भलत्याच ठिकाणी जाऊन बसला आहे.

रंगीत नकाशाशी माझे भांडण तसे जुने. लहानपणी आमच्या वर्गात भारताचा मोठा प्राकृतिक नकाशा टांगलेला असे. गंगेचे खोरे हिरवेगार, दख्खनचे पठार पिवळे, सह्याद्री तपकिरी आणि हिमालय त्याहून गडद. आमचा वऱ्हाड पिवळसर. मला ह्याचा मनापासून राग येई. ज्या काळ्या मातीत पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागते ती पिवळी, आणि कच्छचे रण, जिथे गवताच्या काडीची मारामार, ते मात्र हिरवे! एकदा धीर करून गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "हिरवे म्हणजे झाडे नव्हेत रे. हिरवे म्हणजे सखल." मी गप्प बसलो, पण समाधान झाले नाही. सखल एवढेच सांगायचे होते तर त्याला झाडांचा रंग कशाला दिला?

हा प्रश्न मोठमोठ्यांनीही विचारलेला आहे, हे मला फार उशिरा कळले. ऑस्ट्रियाचा सेनाधिकारी फ्रान्झ फॉन हाउस्लाब ह्याने एकोणिसाव्या शतकात सोपा नियम घातला होता : जितके उंच तितके गडद. दऱ्याखोऱ्यांत गावे, रस्ते, नावे दाटीने येतात, तिथे कागद फिका असला म्हणजे अक्षरे वाचता येतात, हे त्याचे व्यवहारी शहाणपण. पुढे एडिंबरोच्या जॉन बार्थोलोम्यूने १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात खाली हिरवा, वर तपकिरी अशा थरांचे नकाशे मांडले, आणि तीच चाल जगभर रूढ झाली. व्हिएन्नाच्या कार्ल पॉइकरने १८९८ साली आणखी निराळे सांगितले : तांबडे, नारिंगी असे उष्ण रंग डोळ्यांना जवळचे वाटतात, तेव्हा उंच जागा त्या रंगांनी रंगवाव्यात म्हणजे त्या कागदातून वर आल्यासारख्या दिसतील. आणि अगदी आपल्या काळात, अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांचे नकाशे करणारे टॉम पॅटरसन ह्यांनी जवळजवळ माझीच तक्रार मांडली. सखल वाळवंटाला हिरवा दिला की पाहणारा तिथे झाडी आहे असे समजून चालतो, म्हणून सखल भागाचा रंगसुद्धा तिथल्या हवापाण्याप्रमाणे बदलावा, असे त्यांचे म्हणणे. हे वाचले तेव्हा माझ्यातल्या त्या दहा वर्षांच्या मुलाला कोणीतरी पाठीवर थाप मारल्यासारखे वाटले.

माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. मुलांना शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. नकाशे काढणे हा माझा धंदा नव्हे. एका जुन्या विद्यार्थ्याने, तो आता पुण्याला इंजिनिअर आहे, एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या जुनाट लॅपटॉपवर क्यूजीआयएस नावाचे सॉफ्टवेअर बसवून दिले. ते फुकट मिळते. जमिनीच्या उंचीचे आकडेही फुकट मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर हे अवकाशयान सुमारे २३३ किलोमीटर उंचीवरून पृथ्वीभोवती अकरा दिवस फिरले आणि रडारने त्याने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची टिपून घेतली. साऱ्या जमिनीचे तीस-तीस मीटरांचे चौकोन पाडले आहेत असे समजा, आणि प्रत्येक चौकोनावर एक आकडा. बाकी काही नाही. नदी नाही, गाव नाही, झाड नाही, नुसते आकडे. ह्याच विदर्भातल्या हिंगणघाटला १८२३ साली विल्यम लॅम्टनने शेवटचा श्वास घेतला. हिंदुस्थानची जमीन मोजण्यात त्या गृहस्थाचे आयुष्याचे शेवटले वीसएक वर्ष साखळी ओढण्यात आणि दुर्बिणीला डोळा लावण्यात गेले. आता रिद्धपुरात एका लाकडी खुर्चीवर बसून चहा पितापिता तेच काम मी करू लागलो होतो!

आकडे पडद्यावर आले ते करड्या रंगात. त्यांना रंग द्यायचा म्हणजे काय करायचे, हे थोडक्यात सांगतो, कारण पुढची सारी गोष्ट त्यावरच उभी आहे. आपण सॉफ्टवेअरला दोन टोके सांगायची : सर्वांत खालची उंची अमुक, सर्वांत वरची तमुक. मधल्या जागेत ते हिरव्यापासून तपकिरीपर्यंत रंग ताणून बसवते, जणू रबराची पट्टी दोन खुंट्यांना अडकवावी. एक टोक समुद्र आणि दुसरे एव्हरेस्ट धरले, तर ८,८४८ मीटरांच्या त्या ताणात आमचा सगळा वऱ्हाड एकाच रंगात बुडून जातो. खाली पूर्णेचे खोरे आणि वर चिखलदऱ्याजवळचे ११७८ मीटरांचे वैराट, अशी टोके धरली की मेळघाटचा कडा एखाद्या भिंतीसारखा उठून दिसतो. पण आमचे गाव पुन्हा सपाट ते सपाटच. शेवटी मी टोके फक्त गावाच्या परिसरापुरती धरली. तीसेक मीटरांच्या फरकात साऱ्या रंगांची पट्टी बसवली, आणि जी जमीन मी चाळीस वर्षे सपाट म्हणून पायांखाली तुडवली होती ती पडद्यावर हलली, उठली, वाकली.

त्या रात्री मला झोप आली नाही. रिद्धपूर आणि मोर्शी यांच्यामध्ये एक लांबट, सौम्य उंचवटा होता. रस्त्याने जाताना सायकलवाल्यालासुद्धा तो जाणवत नाही. पण त्याच्या अलीकडे पडलेला थेंब पेढी नदीला, पेढीतून पूर्णेला, पूर्णेतून तापीला आणि शेवटी सुरतेजवळ पश्चिमेच्या समुद्राला मिळतो. पलीकडे पडलेला थेंब वर्धेला, तिच्याबरोबर प्राणहितेतून गोदावरीला आणि बंगालच्या उपसागराला. पेढी आमच्याकडेच उगम पावते आणि वर्धा मोर्शीच्या बाजूला वाहते, हे मला पाठ होते. परंतु दोन समुद्रांची वाटणी एखाद्या तुरीच्या शेतातून, कोणाच्या धुऱ्यावरून, कोणाला पत्ता न लागता गेली आहे, हे मी प्रथमच डोळ्यांनी पाहत होतो. रंगाने मला ते दाखवले. म्हणून मी रंगावर विश्वास ठेवला. माणूस असाच फसतो. ज्याने एकदा खरे सांगितले त्याला तो दुसऱ्यांदा तपासत नाही.

मी आसपासच्या गावांचा एक मोठा नकाशा तयार केला. रंग वाहते ठेवावेत की पायऱ्यापायऱ्यांनी द्यावेत, असे सॉफ्टवेअर विचारते. मी पायऱ्या घेतल्या, कारण कडा स्पष्ट येतात आणि भिंतीवर शोभून दिसते. दुसरे कारण नव्हते. तालुक्याच्या दुकानातून तो फ्लेक्सवर छापून आणला. मुले खूष, मी खूष. गावोगाव बोलावणी येऊ लागली.

त्यांतले एक बोलावणे जवळच्याच एका गावचे होते. गावाचे नाव सांगत नाही. तिथल्या एका विधवा बाईची तक्रार होती की वरच्या वावरवाल्याने धुरा असा बांधून घेतला आहे की त्याचे सगळे पाणी तिच्या वावरात उतरते. तो म्हणे, माझे पाणी पश्चिमेच्या नाल्याला जाते, हिच्या वावरात हिचेच साचते. दोन वर्षे हे चालले होते. पारावर माणसे जमली, आणि कोणीतरी म्हणाले, गुरुजींचा नकाशा आणा, त्यात काय ते दिसेल.

नकाशात दिसले. दोन्ही वावरांच्या मध्ये, अगदी नेमक्या जागी, एक गडद तपकिरी ठिपका होता. आजूबाजूच्या पिवळ्यापेक्षा सात-आठ मीटर उंच. टेकडीच म्हणा ना. आता मध्ये टेकडी असताना वरचे पाणी ती चढून खाली कसे येणार? मी फूटपट्टीने दाखवले. माणसांनी माना डोलावल्या. बाई म्हणाली, "गुरुजी, तिथी टेकडं नाही जी." कोणीतरी हसले. "अवो, सॅटेलाइटनं काढेल नकाशा होय तो, खोटा बोलते का?" मीही काही बोललो नाही. खरे सांगायचे तर मला त्या ठिपक्याचे कौतुकच वाटत होते, इतका तो ठसठशीत उमटला होता. तक्रार फेटाळली गेली.

श्रावणात पाऊस लागला आणि तिची दोन एकर तूर पाण्याखाली पिवळी पडली. ते कळल्यावर एका सकाळी मी त्या गावी गेलो. ती मला पांदणीने घेऊन गेली आणि एका जागी थांबली. "हे घ्या तुमचं टेकडं," ती म्हणाली. समोर सपाट जमीन होती. मध्ये मध्ये जुने, कुजत आलेले बुंधे. "आमराई होती इथी. माह्या सासऱ्याची. तीन एकरात. पोरीच्या लग्नात तोडली."

मी लग्नाचे साल विचारले. २००४ होते.

म्हणजे २००० च्या फेब्रुवारीत, एंडेव्हर डोक्यावरून गेले तेव्हा, तिथे आंब्याची दाट झाडी उभी होती. रडारला झाडाखालची माती दिसली नाही. त्याने शेंड्यांची उंची टिपली आणि ती जमिनीची म्हणून आकड्यांत बसली. झाडे जाऊन वीस वर्षे झाली, आकडा राहिला. त्या आकड्याला मी तपकिरी रंग दिला. तिच्याच सासऱ्याने लावलेल्या झाडांना मी तिच्याविरुद्ध साक्षीला उभे केले.

हे सारे शोधून काढण्यासारखे गुपित नव्हते. ह्या मोजणीची उंची १६ मीटरांपर्यंत चुकू शकेल, आणि दाट झाडीत ती माती सोडून शेंड्यांजवळची येते, हे जाणकारांनी कधीच लिहून ठेवले आहे. मी वाचले नव्हते. पण वाचले असते तरी नकाशात ते कसे आले असते? आकड्याशेजारी "सुमारे" असे लिहिता येते. रंगाला "सुमारे" म्हणता येत नाही. तपकिरी तो तपकिरीच. जिथे मोजणी पक्की आहे तिथेही तितकाच आणि जिथे ती डळमळीत आहे तिथेही तितकाच. आणि मला सर्वांत बोचते ते हे की, ज्या ताणाने मला दोन समुद्रांची वाटणी दाखवली त्याच ताणाने ही टेकडी उभी केली. तेच आकडे, तीच टोके. एक खरे निघाले, एक खोटे. पडद्यावर दोन्ही सारखीच सुंदर दिसत होती.

मग मी खोटे बोललो काय? एकही आकडा मी बदलला नव्हता. कोर्टात उभे केले असते तर मी निर्दोष सुटलो असतो. तथापि बाईची तूर गेली ती गेलीच. ह्या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले, आणि छळता छळता दोन जुन्या गोष्टी वर आल्या.

पहिली माझ्या मॅट्रिकची. गणितात मी काठावर पास झालो. माझ्याच बाकावरचा सोबती दोन गुणांनी राहिला. आमच्या दोघांच्या गणितात म्हणण्यासारखा फरक नव्हता. मी त्याचे बघून लिहीत असे आणि तो माझे. पण पायरी मध्ये आली. मी हिरव्यात गेलो, तो तांबड्यात. मी मास्तर झालो, त्याने अडत्याच्या दुकानात पोती उचलली. आणि ज्याला त्या विषयात नव्वद मिळाले तो आणि मी मात्र "पास" ह्या एकाच रंगाचे! आज मीच मुलांच्या उत्तरपत्रिका तपासतो, पस्तिसाच्या अलीकडे-पलीकडे लाल पेन चालवतो. पायऱ्यांनी कडा स्पष्ट येतात, हे मी नकाशाच्या कितीतरी आधी शिकलो होतो.

दुसरी गोष्ट माझ्या एका कादंबरीची. तीत एक चिक्कू म्हातारा आहे. तो आमच्याच नात्यातला, हे घरात सर्वांनी ओळखले. त्यांनीही वाचली. मी जे लिहिले ते सारे घडलेले होते. वापरलेल्या पाकिटांच्या कोऱ्या बाजूवर हिशेब लिहिणे, दिव्याची वात कमी करणे, सगळे. ते एवढेच म्हणाले, "खोटं काहीच नाही लिवलं तू. पण मी एवढाच होय का रे?" तेव्हा मी वाङ्मयाच्या नावाखाली सुटून गेलो. आता वाटते, मी त्यांच्या साऱ्या आयुष्यातून पैशाची तेवढी दोन टोके धरली आणि सगळे रंग तिथे ताणून बसवले.

ह्यावर कोणी म्हणेल, मग रंग देऊच नयेत, करडेच ठेवावे. ते मला पटत नाही. करड्या रंगातही निवड आहेच, आणि काही फसवणुकीवाचून डोळ्यांचे चालतच नाही. नकाशातल्या डोंगरांना सावली देतात ती प्रकाश वायव्येकडून येतो असे धरून. आपल्याकडे बहुतेक वर्षभर सूर्य दुपारी दक्षिणेकडे झुकलेला असतो. पण खऱ्या सूर्याप्रमाणे दक्षिणेकडून उजेड टाकून पाहा. दऱ्या डोंगरांसारख्या आणि डोंगर दऱ्यांसारखे दिसू लागतात! मी करून पाहिले आहे. मुलांना दाखवले तर ती टाळ्या पिटतात. इथे खोटा सूर्यच खरी जमीन दाखवतो. तेव्हा खरेपणा रंगात नाही, हे मी मान्य केले आहे. तो कुठे आहे, एवढेच शोधायचे राहिले.

आमच्या गावाला ह्या बाबतीत फार जुना धडा आहे, आणि तो मी रोज त्याच्यावरून चालत असूनही विसरलो होतो. सातशे वर्षांहून अधिक काळापूर्वी म्हाइंभटांनी रिद्धपुरात लीळाचरित्र सिद्ध केले ते ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याला गाठून, विचारून. पुढच्या पोथ्यांत अमक्याच्या सांगण्यात असे, तमक्याच्या सांगण्यात तसे, हे भेदही लिहून ठेवले गेले. एकाला खरे ठरवून दुसऱ्याला पुसून टाकले नाही. त्याच परंपरेतल्या स्थानपोथीत कोणते देऊळ कोणत्या दिशेला, त्याचे दार कुठे, हे चालत जाणाऱ्याच्या पायांना कळेल असे सांगितले आहे. तीत रंगाचा एक थेंब नाही. मराठीचे विद्यापीठ आता ह्याच गावात आले आहे. तिथल्या विद्वानांना हे सारे माझ्याहून अधिक ठाऊक. मला त्यातून इतकेच टोचले की, नकाशा उलगडण्याआधी पांदणीने दोनशे पावले जाऊन बाईला विचारणे माझ्या हाती होते.

पुढे मी एका गवंड्याला घेऊन गेलो. त्याच्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, भिंतीची पातळी पाहायची. वीस वीस हातांवर खुंट्या ठोकत आम्ही वरच्या धुऱ्यापासून खालच्या धुऱ्यापर्यंत पातळी धरत गेलो. जमीन दीड हात उतरत गेली होती, बाईच्या वावराकडे. नळीतल्या पाण्याला कोणी रंग दिला नव्हता. पारावर मी हे सांगितले, आणि नकाशा वाचण्यात माझी चूक झाली हेही सांगितले. वरच्या वावरवाल्याने पुढच्या उन्हाळ्यात नाल्याकडे चर काढला, आनंदाने नव्हे. गेलेल्या तुरीचे मी काही देऊ केले तेव्हा बाईने हात मागे घेतला. "तुमच्याजवळचं राहू द्या, गुरुजी. पोट्ट्यायले नीट शिकवा."

तो फ्लेक्स अजून माझ्या वर्गात आहे. उतरवून टाकावा असे वाटले होते, नंतर ठेवला. तपकिरी ठिपक्यावर मात्र मी काळ्या शाईने लिहिले : "आमराई, २००० साल. टेकडी नाही." मुले विचारतात, मी सांगतो. आणखी दोन-तीन ठिपक्यांशेजारी मी प्रश्नचिन्हे घातली आहेत. तिथे अजून जाऊन आलो नाही.

गेल्या सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला ती बाई नातवाबरोबर शाळेत आली होती. मुलांनी तिला ओढत नकाशापाशी नेले. तिला वाचता येत नाही, म्हणून नातवाने ते काळे अक्षर वाचून दाखवले. ती जरा वेळ बघत राहिली. मग ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "हा धुऱ्यावरचा शेंदऱ्या. हा शेप्या, याच्या पिकल्या आंब्याले शेपूचा वास ये. अन् हा खोबऱ्या, विहिरीजवळचा..." बोट पुढे सरकत होते, आणि पोरे भोवती दाटी करून ऐकत होती.